शब्दांची सीमा : व्हिक्टर शोस्ट्रम आणि मूकपटाच्या विश्वभाषेचा प्रश्न

१

चित्रपट मुका होता तोवर तो साऱ्या जगाचा होता. त्याला वाचा फुटली आणि तो एकेका देशाचा झाला, असे विधान चित्रपटकलेच्या इतिहासात वारंवार केले जाते. मूकपट ही मानवजातीची विश्वभाषा होती, ही कल्पना या विधानाच्या मुळाशी आहे. हंगेरियन लेखक बेला बालाझ याने १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या 'दृश्य मानव' या जर्मन ग्रंथात ती विस्ताराने मांडली. मुद्रणकलेने माणसाचा चेहरा झाकून टाकला होता, कॅमेऱ्याने तो पुन्हा उघडा केला. मुद्रा आणि हावभाव यांची ही भाषा सर्व राष्ट्रांना समान होईल, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय होता. पहिल्या महायुद्धात पोळलेल्या यूरोपला ही आशा मोहक वाटली असल्यास नवल नाही.

भाषेच्या अभ्यासकाला मात्र ती जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. हावभावही संकेतबद्ध असतात. मान कशी हलवावी, नजर केव्हा खाली वळवावी, शोक कोठवर प्रकट करावा, हे प्रत्येक समाज आपापल्या परीने ठरवतो. शिवाय मूकपटात शब्द नव्हते, हेही पूर्णार्थाने खरे नाही. दृश्यांच्या मधूनमधून मजकुराच्या पाट्या येत, आणि त्या वाचल्यावाचून कथा पुढे सरकत नसे. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये एकाहून अधिक भाषांतील पाट्या घालाव्या लागल्या, ही गोष्ट या दृष्टीने पुरेशी बोलकी आहे. रशियन समीक्षक बोरिस आयखेनबाउम याने १९२७ साली याहीपुढचा मुद्दा मांडला. चित्रपट पाहणारा प्रेक्षक मनातल्या मनात बोलत असतो, आणि या अंतर्गत वाणीच्या साहाय्यानेच तो सुटी चित्रे जोडून त्यांचा अर्थ लावतो, असे त्याचे म्हणणे. म्हणजे मूकपटातून शब्द हद्दपार झालेला नसतो. तो पडद्यावरून उठून प्रेक्षकाच्या मनात जाऊन बसलेला असतो. आता अंतर्गत वाणी ही मराठी, स्वीडिश, इंग्रजी अशा कोणत्या तरी एका भाषेचीच असणार. तसे असेल तर विश्वभाषेचा सिद्धांत डळमळीत होतो.

या वादाचा निर्णय केवळ तत्त्वचर्चेने लागणार नाही. त्यासाठी असा एखादा कलावंत घेतला पाहिजे, ज्याने मूकपटाची भाषा घडवली, ती घेऊन परदेशी गेला, आणि बोलपट आल्यावरही जो पडद्यावरून नाहीसा झाला नाही. स्वीडिश दिग्दर्शक आणि नट व्हिक्टर शोस्ट्रम हा असा कलावंत होय. स्कँडिनेव्हियाच्या वाङ्मयाशी मराठी वाचकाचा परिचय मुख्यतः नाटकाच्या द्वारे झाला. इब्सेनच्या नावाने झालेली चर्चा आणि १९३३ साली 'नाट्यमन्वंतरा'ने रंगभूमीवर आणलेले, ब्यर्नसनच्या नाटकावर आधारलेले 'आंधळ्यांची शाळा' ही त्याची ठळक उदाहरणे. त्याच वाङ्मयाने तिकडे एका नव्या कलेला वाचा कशी पुरवली, हे शोस्ट्रमच्या कृतींवरून दिसून येते.

२

शोस्ट्रमचा जन्म २० सप्टेंबर १८७९ रोजी स्वीडनच्या वर्मलांद प्रांतात झाला. तो लहान असतानाच कुटुंब अमेरिकेस गेले, आणि त्याच्या बालपणाची काही वर्षे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात गेली. १८८६ साली, तो सात वर्षांचा असताना, त्याची आई वारली. पुढे तो मायदेशी परतला आणि किशोरवयातच नाटकाकडे वळला. फिरत्या नाटक मंडळ्यांतून काम करीत करीत तो नट आणि नाट्यदिग्दर्शक म्हणून नावारूपास आला. १९१२ साली चार्ल्स माग्नुसन या निर्मात्याने त्याला 'स्वेन्स्का बिओग्राफ' या चित्रसंस्थेत घेतले. माउरित्स स्टिलर हा दुसरा थोर दिग्दर्शकही त्याच सुमारास तेथे आला. पुढील दहा वर्षांत स्वीडिश चित्रपटाला जी कीर्ती लाभली ती मुख्यतः या दोघांची.

आरंभ मात्र निषेधाने झाला. स्वीडनमध्ये १९११ साली सरकारी चित्रपट परिनिरीक्षण सुरू झाले होते, आणि शोस्ट्रमने दिग्दर्शित केलेल्या 'माळी' या पहिल्याच चित्रपटाला १९१२ मध्ये प्रदर्शनाची परवानगी नाकारण्यात आली. नंतरच्या चार-पाच वर्षांत त्याने झपाट्याने पुष्कळ चित्रपट केले. त्यांपैकी बहुतेकांच्या प्रती आज नाहीत. १९४१ साली स्टॉकहोममध्ये जुन्या फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीत त्या काळच्या चित्रपटांचा मोठा भाग नष्ट झाला. शोस्ट्रमविषयीचे कोणतेही विवेचन अशा खंडित सामग्रीवर उभे असते. शिलालेखांच्या तुकड्यांवरून भाषेचे रूप ठरवणाऱ्या अभ्यासकाला जी सावधगिरी लागते, तीच येथेही लागते.

जे शिल्लक आहे त्यात 'इंगेबोर्ग होल्म' (१९१३) हा चित्रपट असावा, हे सुदैवच म्हटले पाहिजे. नील्स क्रूक याच्या नाटकावर तो आधारलेला आहे. एका दुकानदाराची पत्नी विधवा होते, कर्जापायी दुकान जाते, आजारामुळे ती अनाथगृहाच्या दारी येते, आणि तेथील नियमानुसार तिची मुले तिच्यापासून तोडून परक्या घरी ठेवली जातात. धाकटे मूल तिला ओळखेनासे होते, तेव्हा तिचे मन भ्रमिष्ट होते. या चित्रपटाने स्वीडनमधील दरिद्रीपोषणाच्या कायद्यावर मोठा वाद उठवला. तथापि येथे लक्ष वेधायचे आहे ते त्याच्या अभिव्यक्तीकडे.

मुलांची ताटातूट होते तो प्रसंग पाहावा. कॅमेरा दूर आणि स्थिर आहे. निरोप घेऊन निघालेला मुलगा पुन्हा धावत मागे येतो, आईला बिलगतो आणि मग जातो. हिल्डा बोरगस्ट्रम ही नटी या प्रसंगाच्या अत्यंत उत्कट क्षणी प्रेक्षकांकडे पाठ करते. त्या काळच्या नाट्यसंकेतानुसार शोकाच्या क्षणी नटाने प्रेक्षकांसमोर यावे, हात उंचवावेत, मुद्रा स्पष्ट दाखवावी. शोस्ट्रम नेमके तेच टाळतो. चित्राच्या भाषेत नकार नाही, ही गोष्ट भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला चटकन पटेल. 'ती रडली नाही' हे वाक्य लिहिता येते. त्याचे चित्र काढता येत नाही, कारण चित्र जे आहे तेच दाखवते. शोस्ट्रमने फिरवलेली ती पाठ हा चित्राला सापडलेला नकार आहे. चेहरा आहे, पण तो दाखवला जाणार नाही, असे ती पाठ सांगते. आणि जे दाखवले नाही ते प्रेक्षक आपल्या मनात बोलून पुरे करतो.

बालपणी आई गमावलेल्या माणसाने हा चित्रपट केला, हे चरित्रातील तपशील म्हणून नोंदवावे. त्यावर अधिक भार घालू नये. मूळ कथा नाटककाराची आहे. शोस्ट्रमचे कर्तृत्व कथेत नसून तिच्या संयमात आहे.

३

१९१७ च्या जानेवारीत प्रदर्शित झालेल्या 'तेर्ये व्हीगेन'ने शोस्ट्रमच्या कारकिर्दीला आणि स्वीडिश चित्रसंस्थेच्या धोरणालाही वळण दिले. त्याचा आधार इब्सेनची १८६२ साली प्रसिद्ध झालेली दीर्घ कथाकविता. नेपोलियनच्या काळातील युद्धात इंग्रज नौदलाने नॉर्वेच्या किनाऱ्याला वेढा घातला आहे. उपाशी बायकोमुलीसाठी धान्य आणायला तेर्ये हा नावाडी एकटाच होडीतून डेन्मार्कला जातो. परतताना इंग्रजांच्या हाती सापडतो. पाच वर्षांच्या कैदेनंतर घरी येतो तेव्हा दोघीही मरून गेलेल्या असतात. पुढे त्याच इंग्रज अधिकाऱ्याचे कुटुंब वादळात त्याच्या हाती सापडते, आणि त्याच्या लहान मुलीकडे पाहून तेर्येचा सूड विरघळतो. तेर्येची भूमिका शोस्ट्रमनेच केली. चित्रण प्रत्यक्ष समुद्रावर झाले आणि खर्च त्या काळच्या रीतीपेक्षा फार अधिक आला. तो यशस्वी होताच संस्थेने थोडे पण मोठे, वाङ्मयाधारित चित्रपट काढण्याचे धोरण स्वीकारले.

या चित्रपटाच्या पाट्यांवर इब्सेनच्या कवितेच्या ओळी येतात, ही गोष्ट कळीची आहे. ती कविता स्कँडिनेव्हियातील वाचकांच्या पाठांतरातली होती. पडद्यावर दोन ओळी दिसल्या की उरलेले कडवे प्रेक्षकाच्या मनात आपोआप वाजू लागे. म्हणजे दृश्य नि:शब्द असले तरी ते पाहणारा कवितेच्या लयीत पाहत होता. आयखेनबाउमच्या अंतर्गत वाणीचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. परंतु हेही लक्षात घ्यावे की, ज्या प्रेक्षकाला ती कविता येत नव्हती त्याच्यापुढे त्याच पाट्या केवळ कथेचे दुवे म्हणून उरत होत्या. चित्रपट एकच होता. तो ऐकू येण्याच्या पायऱ्या वेगवेगळ्या होत्या.

पुढील काही वर्षे शोस्ट्रमने सेल्मा लागरलॉफ हिच्या कथावाङ्मयाचा ध्यास घेतला. ही लेखिकाही वर्मलांद प्रांतातलीच. १९०९ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक तिला मिळाले होते. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. 'जेरुसलेम' या तिच्या कादंबरीच्या आरंभभागावरून शोस्ट्रमने 'इंगमारचे पुत्र' (१९१९) हा चित्रपट केला. कादंबरीत तरुण शेतकरी इंगमार नांगर धरून चालता चालता आपल्या मृत पित्याशी मनातल्या मनात बोलतो. आपण स्वर्गात गेलो तर तेथे पूर्वजांची बैठक कशी भरलेली असेल, याची कल्पना करतो. चित्रपटात इंगमार एक प्रचंड शिडी आणून आभाळाला लावतो आणि चढू लागतो. वर पोचल्यावर त्याला एका मोठ्या घरात म्हातारे पूर्वज ओळीने बसलेले दिसतात. इंगमारची ही भूमिकाही शोस्ट्रमची.

गद्यातील हे स्थळ संकेतार्थातले आहे : 'गेलो तर', 'असेल', 'विचारले असते'. चित्राला संकेतार्थ नाही. त्याला एक स्वार्थच ठाऊक. पडद्यावर माणूस स्वर्गात दिसला की तो स्वर्गात गेलाच. या अडचणीवर शोस्ट्रमने योजलेला उपाय म्हणजे ती अशक्य लांबीची शिडी. ती इतकी उघड अशक्य आहे की, पाहणाऱ्याला हे घडत नसून योजले जात आहे, हे आपोआप कळते. क्रियापदाला प्रत्यय लागून जे काम होते, ते काम येथे एका वस्तूने केले आहे. असे असूनही त्या बैठकीचे मर्म समजण्यासाठी काही तरी आधीचे ठाऊक असावे लागते. शेतजमीन आणि घराण्याचे नाव यांना स्वीडनच्या दालार्ना प्रांतातील शेतकरी जीवनात काय वजन होते, हे ज्याला माहीत आहे त्यालाच त्या ओळीने बसलेल्या म्हाताऱ्यांची जरब कळेल. प्रत्यय चित्राने पुरवला; धातू मात्र समाजाकडूनच आला.

येथे एक आक्षेप संभवतो. स्वीडिश चित्रपटाचे सर्वांत उत्साही चाहते फ्रान्समध्ये निघाले. लुई देल्यूकसारख्या समीक्षकाने शोस्ट्रमच्या 'बेर्ग-एव्हिन्द आणि त्याची पत्नी' (१९१८) या चित्रपटाचे मोठे कौतुक केले. योहान सिगुर्योनसन या आइसलँडच्या नाटककाराच्या नाटकावरून घेतलेली ही कथा : भुकेपोटी चोरी केलेला माणूस आणि त्याच्यावर प्रेम करणारी शेतमालकीण डोंगरात पळून जातात आणि अखेर बर्फात गोठून मरतात. फ्रेंच प्रेक्षकाला ना ते नाटक ठाऊक, ना ती भूमी. मग त्याला चित्रपट भिडला कसा? विश्वभाषा नसेल तर हे कशाचे फळ?

आक्षेप बिनतोड वाटतो. परंतु 'भिडणे' आणि 'तोच अर्थ कळणे' या दोन गोष्टी भिन्न आहेत. परदेशी प्रेक्षकाने त्या चित्रपटातला निसर्ग उत्तरेकडील एक अद्भुत, आदिम शक्ती म्हणून पाहिला. वस्तुतः ज्या पर्वतात कथा घडते तो आइसलँडचा नव्हताच. चित्रण उत्तर स्वीडनमधील आबिस्कोच्या परिसरात झाले. म्हणजे स्वीडिश प्रेक्षक आपल्याच देशाच्या एका टोकाला आइसलँड मानून पाहत होता, आणि फ्रेंच प्रेक्षक त्या दोहोंना मिळून एक 'उत्तर' मानत होता. एकाच चित्राची ही दोन वाचने होत. शब्द न कळताही आनंद मिळतो, हे परक्या भाषेतील गाणे ऐकणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. त्यावरून गाण्याला भाषा नाही असे कोणी म्हणत नाही.

४

१ जानेवारी १९२१ रोजी प्रदर्शित झालेला 'शर्कार्लेन' हा शोस्ट्रमच्या स्वीडिश पर्वाचा कळस मानला जातो. या शब्दाचा अर्थ 'गाडीवान'. इंग्रजीत तो 'द फँटम कॅरेज', म्हणजे 'भुताची गाडी', या नावाने प्रसिद्ध झाला. मूळ नाव माणसाचे, भाषांतरित नाव वाहनाचे. दोन नावांतील हा फरक पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

लागरलॉफची ही दीर्घकथा १९१२ सालची. क्षयरोगाविरुद्धच्या प्रचारासाठी तिला काही लिहिण्याची विनंती झाली, त्यातून ती निर्माण झाली. वर्षाच्या अखेरच्या रात्री बाराच्या ठोक्याला जो मरेल त्याने पुढील वर्षभर मृत्यूची गाडी हाकायची, ही तिच्यातील लोककल्पना. दारूच्या नादी लागून बायकोमुलांचा छळ करणारा डेव्हिड होल्म त्या रात्री दफनभूमीत मारामारीत पडतो. गाडी येते, गाडीवान त्याचा जुना सोबती. त्याच वेळी मुक्तिफौजेची एक सेविका, जिला डेव्हिडमुळे क्षयाची बाधा झाली आहे, मरणशय्येवर त्याची वाट पाहते आहे. डेव्हिडची भूमिका शोस्ट्रमची आहे.

छायालेखक यूलिउस येन्सोन याने एकाच फिल्मवर अनेकदा चित्रण करून प्रेतातून उठणारा पारदर्शक आत्मा आणि समुद्रावरून जाणारी गाडी दाखवली. या किमयेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तथापि ती किमया म्हणूनच पाहिली तर तिचे प्रयोजन निसटते. चित्राला संकेतार्थ नाही तसा भूतकाळही नाही. पडद्यावर जे दिसते ते सदैव वर्तमानात घडत असते. 'शर्कार्लेन'ची रचना मात्र भूतकाळाच्या पोटात भूतकाळ अशी आहे : एकाने सांगितलेल्या हकिगतीत दुसऱ्याने सांगितलेली हकीगत येते. घडून गेलेले आणि घडत असलेले यांचा असा गुंता होत असताना तो पारदर्शक आत्मा व्याकरणाच्या खुणेसारखा काम करतो. घन देह हा गतकाळात वावरणारा डेव्हिड. विरळ देह हा ते सर्व आता पाहणारा डेव्हिड. पाहणारा हस्तक्षेप करू शकत नाही, केवळ पाहतो. पश्चात्तापाची व्याख्या याहून अचूक शब्दांतही करणे अवघड आहे.

आणि म्हणूनच मूळ नावातील 'माणूस' महत्त्वाचा. इंग्रजी नाव चमत्काराकडे बोट दाखवते. चित्रपट मात्र चमत्काराने संपत नाही. तो संपतो एका खोलीत, जेथे डेव्हिडची पत्नी निराशेच्या टोकाला पोचून मुलांसह मरणाची तयारी करीत आहे, आणि तो देहात परतून तिच्यापर्यंत धावत येतो. शेवटच्या प्रसंगातील शोस्ट्रमचा अभिनय थकलेला, ओशाळलेला, जवळजवळ हालचालहीन आहे. आधी कुऱ्हाडीने दार फोडणारा हाच माणूस. नट आणि दिग्दर्शक एकच असल्याचा लाभ येथे दिसतो. दिग्दर्शक म्हणून जी पाठ त्याने बोरगस्ट्रमला फिरवायला लावली होती, तीच आता नट म्हणून तो स्वतःच्या मुद्रेत मुरवतो. पत्नीच्या भूमिकेत बोरगस्ट्रमच आहे, हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो.

५

१९२३ साली शोस्ट्रम हॉलिवूडला गेला, आणि तेथे त्याच्या नावाचे रूपांतर झाले. स्वीडिश भाषेत 'शो' म्हणजे सरोवर किंवा समुद्र, 'स्ट्रम' म्हणजे प्रवाह. नावाच्या आरंभीचा उच्चार इंग्रजी जिभेला न पेलणारा; तेव्हा पूर्वार्धाचे भाषांतर झाले, उत्तरार्ध तसाच राहिला, आणि तो 'सीस्ट्रम' झाला. अर्धे भाषांतर आणि अर्धे लिप्यंतर असा हा शब्द त्याच्या अमेरिकेतील कार्याचे यथार्थ वर्णन ठरावा.

इंग्रजीशी त्याचा परिचय बालपणापासूनचा होता. तेव्हा त्याची अडचण बोलीची नव्हती. अडचण अशी की, ज्या वाङ्मयाच्या आणि प्रेक्षकाच्या अंतर्गत वाणीच्या आधाराने त्याची चित्रे बोलत होती, तो आधार मागे राहिला होता. लागरलॉफच्या दुसऱ्या एका कादंबरीवरून त्याने १९२५ साली लॉन चॅनी आणि नॉर्मा शीअरर यांना घेऊन 'द टॉवर ऑफ लाइज' हा चित्रपट केला. तो आज उपलब्ध नाही. ग्रेटा गार्बोच्या भूमिकेच्या 'द डिव्हाइन वुमन' (१९२८) या चित्रपटाचा केवळ एक छोटा तुकडा उरला आहे. येथेही सामग्री खंडितच. शिवाय एक बदल नजरेत भरतो : स्वीडनमध्ये आपल्या प्रमुख चित्रपटांतून स्वतः उभा राहणारा शोस्ट्रम अमेरिकेत पडद्यावर आला नाही. दिग्दर्शक गेला, नट घरी राहिला.

तरीही या पर्वातील दोन कृती कोणत्याही मापाने मोठ्या आहेत. 'ही हू गेट्स स्लॅप्ड' (१९२४) हा चित्रपट लिओनिद आंद्रेयेव्ह याच्या रशियन नाटकावर आधारलेला. नव्याने स्थापन झालेल्या मेट्रो-गोल्डविन-मेयर संस्थेची ही पहिली निर्मिती. एका शास्त्रज्ञाचे संशोधन आणि पत्नी दोन्ही त्याचा आश्रयदाता हिरावून घेतो. विद्वत्सभेत तो सत्य सांगू पाहतो, तर त्याला थप्पड बसते आणि सभा हसते. पुढे तो सर्कशीत विदूषक होतो आणि तीच थप्पड रोज खाऊन लोकांना हसवतो. नव्या देशात सामाईक वाङ्मयाचा आधार नसताना शोस्ट्रमने असा विषय निवडला की, ज्यात हावभावाचा अर्थ बदलणे हेच कथानक आहे. थप्पड एकच, सभेत ती अपमान, रिंगणात ती विनोद. हावभाव स्वतःहून सार्वत्रिक नसतो, त्याचा अर्थ संदर्भ ठरवतो, हे या चित्रपटाने दाखवून दिले. मूकपटाच्या विश्वभाषेवरची ही टीका एका मूकपटानेच केली, हे विशेष.

दुसरी कृती 'द विंड' (१९२८). डॉरोथी स्कार्बरो हिच्या १९२५ सालच्या कादंबरीवरून ती घेतली असून मोहावीच्या वाळवंटात तिचे चित्रण झाले. वाळू उडवण्यासाठी विमानांचे पंखे वापरण्यात आले. टेक्ससच्या उजाड माळावर आलेली एक कोवळी तरुणी, तिच्यावर लादले गेलेले लग्न, अखंड वाहणारा वारा, आणि तिच्यावर अत्याचार करणाऱ्या पुरुषाचा तिच्या हातून झालेला वध, एवढाच कथाभाग. प्रेत ती वाळूत पुरते आणि वारा ती वाळू हळूहळू उडवून नेतो. लिलियन गिशचा चेहरा आणि खिडकीची काच यांवर हे सर्व उभे आहे.

वारा दिसत नाही, ही या चित्रपटापुढील मूळ अडचण होती. दिसते ती उडणारी वाळू, हलणारा कंदील, थरथरणारे दार. मराठी व्याकरणात ज्यांना भावकर्तृक क्रियापदे म्हणतात, 'उजाडले', 'सांजावले', 'गडगडते' अशी, त्यांत क्रिया असते पण वेगळा कर्ता नसतो. 'द विंड' हा अशा क्रियापदांचा चित्रपट आहे. सर्व काही घडते. घडवणारा दिसत नाही. हे साधताना शोस्ट्रमला कोणत्याही पूर्वपरिचित कवितेची गरज भासली नाही, हे मान्य केले पाहिजे. विश्वभाषेच्या पुरस्कर्त्यांना त्याच्या सर्व कृतींत कोठे आधार मिळत असेल तर तो येथे.

पण त्याच चित्रपटाचा शेवट पाहावा. कादंबरीत नायिका अखेर वादळात निघून जाते. चित्रपटात ती पतीसह उघड्या दारात उभी राहते आणि वाऱ्याला भीत नाही. शोकान्त शेवट चित्रगृहचालकांना नको होता म्हणून हा बदल झाला, असे गिशने पुढे सांगितले आहे. कारण काहीही असो. सिद्ध होते ते हे की, दृश्य कितीही सार्वत्रिक वाटले, तरी कथेचा अर्थ कोठे थांबावा हे त्या त्या समाजाचे संकेतच ठरवतात. वारा सर्वांना कळला. त्याचे काय करायचे हे एका विशिष्ट बाजारपेठेने ठरवले.

६

'द विंड' प्रदर्शित झाला तेव्हा बोलपटाचा काळ सुरू झाला होता, आणि त्याला ध्वनिमुद्रित संगीताची जोड द्यावी लागली. शोस्ट्रमचा अमेरिकेतील एकमेव बोलपट 'अ लेडी टु लव्ह' १९३० सालचा. तो त्याने इंग्रजी आणि जर्मन अशा दोन भाषांत स्वतंत्रपणे केला. पूर्वी पाटी बदलून जे काम भागत असे, त्यासाठी आता सगळा चित्रपट पुन्हा करावा लागला. यावरून पाटी ही किरकोळ वस्तू नव्हती, हेच दिसते. ती अनुवादाचे सारे ओझे निमूटपणे वाहत होती म्हणून ते कोणाला जाणवले नाही.

त्याच वर्षी तो स्वीडनला परतला. १९३१ मध्ये यालमार बेरीमान याच्या कादंबरीवरून त्याने 'मार्कुरेल्स' हा बोलपट केला व त्यातील मुख्य भूमिकाही केली. १९३७ साली इंग्लंडमध्ये केलेला 'अंडर द रेड रोब' हे त्याचे अखेरचे दिग्दर्शन. यानंतर नट शोस्ट्रम पुन्हा पुढे आला. १९४३ ते १९४९ या काळात तो 'स्वेन्स्क फिल्मइंदुस्त्री' संस्थेचा कलासल्लागार होता, आणि इंगमार बर्गमन या तरुण दिग्दर्शकाला आरंभीच्या दिवसांत त्याचा आधार मिळाला. १९५७ साली बर्गमनने त्याला 'स्मुल्ट्रोनस्तेलेत', म्हणजे इंग्रजीतील 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज', या चित्रपटात वृद्ध प्राध्यापक इसाक बोर्ग याची भूमिका दिली. शोस्ट्रमचे वय तेव्हा ७७-७८ होते. १९५८ मध्ये या चित्रपटाला बर्लिनच्या महोत्सवात सुवर्ण अस्वलाचे पारितोषिक मिळाले. ३ जानेवारी १९६० रोजी शोस्ट्रमचे निधन झाले.

ही भूमिका म्हणजे एका विसरलेल्या मूकपटकाराला मिळालेला उशिराचा मान, अशा समजुतीने पुष्कळदा तिचे वर्णन होते. ती समजूत अपुरी आहे. चित्रपटाच्या आरंभीच्या स्वप्नात इसाकला काटे नसलेले घड्याळ दिसते आणि सारथ्यावाचून आलेल्या प्रेतवाहिनीतून त्याचेच प्रेत हात पुढे करते. 'शर्कार्लेन'मधील गाडी छत्तीस वर्षांनी परत आली आहे. या खेपेस तिच्यावर गाडीवान नाही. दुसऱ्या एका स्वप्नात इसाकची परीक्षा घेतली जाते. फळ्यावरचा मजकूर वाच, असे त्याला सांगण्यात येते. अक्षरे ओळखीची, शब्द मात्र कोणत्याही भाषेतले नाहीत. जन्मभर विद्वान म्हणून मिरवलेला माणूस ते वाचू शकत नाही. त्या मजकुरात वैद्याचे पहिले कर्तव्य, क्षमा मागणे, लिहिलेले आहे असे परीक्षक सांगतो.

या प्रसंगात शोस्ट्रमच उभा असावा, यात बर्गमनची मर्मदृष्टी आहे. मूकपटाच्या काळात त्याने शब्द बाजूस सारून अर्थ राखला होता. येथे त्याच्यासमोर अर्थ बाजूस सारून शब्द ठेवले आहेत. आणि क्षमा ही तर 'तेर्ये व्हीगेन'ची आणि 'शर्कार्लेन'चीही अंतिम वस्तू. बोलपट असूनही या चित्रपटाचा शेवट एका नि:शब्द समीपदृश्याने होतो : उशीवर टेकलेला म्हातारा चेहरा, निवळत गेलेली नजर. त्याचा अर्थ कळतो, तो दीड तास ऐकलेल्या संवादांमुळे. चेहरा बोलतो कारण शब्दांनी त्याच्यासाठी जागा करून ठेवली आहे.

७

विश्वभाषेच्या कल्पनेत मूकपट ही शब्दाच्या पलीकडची कला ठरते. शोस्ट्रमच्या कृती याच्या उलट साक्ष देतात. पाठ फिरवून साधलेला नकार, शिडीने साधलेला संकेतार्थ, पारदर्शक देहाने साधलेला भूतकाळ, आणि कर्त्यावाचून वाहणारा वारा, या चारही ठिकाणी त्याने भाषेच्या व्याकरणाला चित्रातील पर्याय शोधला. पर्याय शोधायला आधी भाषेची वाण जाणवावी लागते. ज्याला शब्द नकोसे झाले आहेत त्याला ती जाणवत नाही. ज्याला त्यांची किंमत ठाऊक आहे त्यालाच जाणवते. इब्सेन आणि लागरलॉफ यांच्याकडे तो वारंवार वळला तो केवळ कथानकांच्या शोधात नव्हे. त्यांच्या गद्यपद्यातून त्याला अशी स्थळे मिळत गेली, जेथे चित्र अडते. त्या अडण्यातूनच त्याची शैली घडली.

यातून वाङ्मयाच्या अभ्यासकाला एक कसोटीही मिळते. साहित्यकृतीवरून केलेला चित्रपट मुळाशी प्रामाणिक आहे की नाही, एवढाच प्रश्न विचारण्याची सवय आपल्या समीक्षेला आहे. त्याऐवजी, मूळ कृतीतील कोणते व्याकरण चित्राला झेपत नव्हते आणि तेथे दिग्दर्शकाने काय केले, असा प्रश्न विचारला तर उत्तर अधिक फलदायी येईल. पहिल्या प्रश्नाने 'इंगमारचे पुत्र'मधील शिडी ही कादंबरीत नसलेली भर ठरते. दुसऱ्या प्रश्नाने तीच शिडी कादंबरीच्या क्रियापदाशी राखलेली निष्ठा ठरते.

मूकपट साऱ्या जगाला समजला, हे काही अंशी खरे आहे. पण तो समजला तो प्रत्येकाच्या भाषेत. शोस्ट्रमची थोरवी अशी की, त्याने शब्दांची सीमा ओलांडल्याचा दावा केला नाही. ती सीमा नेमकी कोठे आहे हे त्याने चित्रांनी आखून दाखवले.